थंडीने उतरवलेलं वजन

ही माझ्या भावाच्या उजव्या पायाची गोष्ट आहे. तो पाय राहणार की जाणार, हा प्रश्न आमच्या घरात तीन आठवडे होता, आणि गोष्ट तिथवर जाण्यात माझ्या शिक्षणाचा हात होता. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी स्वतःबद्दल काही चांगलं बोलले, तर वाचणाऱ्याने ते याच्या शेजारी ठेवून वाचावं.

चांगलं म्हणजे एवढंच, की मी बी.एस्सी. आहे. केमिस्ट्री. उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी. पंधरा-सोळा घरं. रस्ता खाली संपतो, पुढे पाऊण तासाचा चढ. त्या वाडीतून कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. माझ्या आधी मुलगे मुंबईला गेले आणि मुली लग्न करून पलीकडच्या वाडीत. मी महाडच्या कॉलेजात गेले, तीनही वर्षं पहिल्या वर्गात पास झाले आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत लॅबमध्ये लागले. मला याचा अभिमान आहे. तो लपवावा असं मला कोणी शिकवलं नाही.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा तो नववीत होता. त्याने शाळा सोडली, नांगर धरला, पुढे काही वर्षं मुंबईत हॉटेलात काढली. आई गेली तेव्हा परत आला आणि मग लग्न केलं. मी नोकरीला लागल्यावर ठेकेदाराला सांगून त्यालाही कंपनीत लावलं, कोल्ड रूमला. आम्ही दोघं बिरवाडीत एका खोलीत भाड्याने राहायचो. शनिवारी संध्याकाळी तो वर वाडीत वहिनीकडे जायचा आणि सोमवारी पहाटे उतरून थेट कामावर यायचा.

कोल्ड रूम म्हणजे बाहेरून पाहिलं तर एक मोठा पांढरा डबा. आमच्या कंपनीत औषधात जाणारी काही रसायनं बनतात. त्यातली काही बाहेरच्या उष्णतेने खराब होतात, म्हणून ड्रममध्ये भरून उणे वीस डिग्रीला ठेवायची. आत जाणाऱ्याला कापूस भरलेलं जॅकेट, हातमोजे, कानटोपी आणि पुढे लोखंड बसवलेले जड बूट. नियम असा, की एकट्याने आत जायचं नाही. एक आत, एक दाराशी. वीस मिनिटं झाली की अदलाबदल. दाराशी उभा असलेला थोड्या थोड्या वेळाने दारावर थाप मारतो आणि ओरडतो, "हाय काय रे?" आतला ओरडतो, "हाय!" उत्तर आलं नाही तर दार उघडायचं. हा नियम कुठल्या कागदावर नव्हता. कोल्ड रूमच्या माणसांनी तो आपसांत बसवला होता.

दादाचा जोडीदार बिरवाडीचाच. पन्नाशीचा, ढेरपोट्या, तोंडाने फटकळ. तो कोल्ड रूममध्ये दादाच्या पाच वर्षं आधीपासून होता. ही पाच वर्षं लक्षात ठेवा. मी ठेवली नाहीत.

दाराबाहेर ड्रम तोलायचा काटा होता. जमिनीत बसवलेला, वर लोखंडी पत्रा. शनिवारी पाळी संपली की कोल्ड रूमची माणसं जॅकेट-बूट काढून एकेक करून त्यावर उभी राहायची आणि शेजारच्या भिंतीवर खडूने वजन लिहायची. का, तर गंमत. ड्रमसकट वजनाला ग्रॉस म्हणतात, रिकाम्या ड्रमच्या वजनाला टेअर आणि आतल्या मालाला नेट. जोडीदार काट्यावर चढला की दरवेळी तेच म्हणायचा.

"मॅडम, ह्ये ग्रॉस झालं. पोट टेअरमध्ये धरा."

मी सॅम्पल घ्यायला तिथे जायचे, तर मलाही चढवायचे. ऑडिट आलं की भिंत पुसली जायची. म्हणून मी ते आकडे माझ्या डायरीत उतरवून घेऊ लागले. मला आकडे पुसलेले आवडत नाहीत.

दादा कोल्ड रूमला लागला त्या पावसाळ्यात त्याचं वजन होतं तिथेच होतं. पुढच्या वर्षीच्या गणपतीनंतर ते उतरायला लागलं. आधी किलो, मग दोन, मग आठवड्याला थोडं थोडं. दिवाळीपर्यंत त्याचे गाल आत गेले. कंपनीची पँट त्याने सुतळीने बांधली.

"तुजा भाव आतमधी वितळतोय काय?" जोडीदार म्हणाला. "आमी फुगतोय आनि ह्यो वाळतोय. माजी थंडी जाते कुटं मॅडम?"

"तुम्ही खाता किती ते सांगा आधी," मी म्हणाले. सगळे हसले. दादाही.

पण मला उत्तर हवं होतं. कोणी काही विचारलं आणि मला आलं नाही, असं मला चालत नाही. वाडीत कोणाच्या औषधाच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय, फॉर्मवर काय भरायचं, मोबाइलवर काय आलंय, सगळं माझ्याकडे येतं. मी त्या रात्री जेवणानंतर मोबाइलवर शोधलं आणि मला सापडलं. थंडीत राहिल्याने शरीरातल्या चरबीचं काय होतं यावर एक लांब लेख होता. माणसाच्या अंगात दोन तऱ्हेची चरबी असते. पांढरी, ती साठवते. आणि थोडीशी तपकिरी, मानेच्या बाजूला आणि गळ्याच्या हाडांपाशी, ती जाळते. अंगाला थंडी लागली की ही तपकिरी चरबी जागी होते आणि साखर आणि चरबी जाळून ऊब तयार करते. रोज थंडीत राहणाऱ्यात ती वाढतेसुद्धा.

मी अर्ध्यापर्यंत वाचलं. उत्तर मिळालं होतं, पुढे कशाला वाचायचं. दादा चटईवर पाय पसरून बसला होता. मी त्याला तिथेच सांगितलं.

"तुझ्या अंगात चूल पेटलीय असं समज. थंडीने पेटवलीय. ती चरबी जाळते, म्हणून वजन उतरतंय. चांगलं असतं ते. शहरातली माणसं यासाठी बर्फाच्या पाण्यात बसतात."

"म्हंजे मी फुकट करतोय त्ये."

"तसंच."

"आनि चुलीला लाकडं कोन पुरवनार गो?"

"खा जास्त. भूक लागते ना?"

"भूक? अगो, जेवून उठलो की परत भूक." तो हसला. "आमची सायंटिस घरात हाय म्हनून बरं. न्हायतर मी भगताकडे जानार होतो."

हे तो गमतीत म्हणाला. पण वाडीत काहीजण खरोखर तसं बोलत होते, की कंपनीत कोणाची नजर लागली, की त्या पेटीतली थंडी हाडांत बसली. मला ते ऐकून राग यायचा. मी त्यांच्यापुढे उभी राहून तपकिरी चरबी समजावून सांगायचे. गळ्याच्या हाडाला बोट लावून दाखवायचे. माणसं मान डोलवायची. मला बरं वाटायचं.

दिवाळीनंतर मी एका रविवारी वर गेले तेव्हा वहिनीने मला मागच्या पडवीत बोलावलं. वहिनी सातवी शिकलेली. कमी बोलते. मला वन्स म्हणते.

"वन्स, ह्यांचा करदोडा," ती म्हणाली. "पाडव्याला नवा बांधला. आतापत्तुर दोनदा गाठ मागं घेतली मी. तरी खाली घसरतो."

आमच्याकडे पुरुष कमरेला काळा दोरा बांधतात, तो करदोडा. वर्षभर तोच असतो, आणि तो बांधायचं काम बायकोचं. बाईला नवऱ्याची कंबर त्या दोऱ्याने ठाऊक असते.

"अहो वहिनी, चरबी जळतेय ती," मी म्हणाले आणि पुन्हा सगळं सांगितलं. चूल, लाकडं, थंडी.

तिने ऐकून घेतलं. "दाखवायला नको कोनाला?"

"कोणाला दाखवणार? डॉक्टरही हेच सांगेल."

"पानी लय पितात. तांब्या उशाशी लागतो."

"कोल्ड रूममधली हवा कोरडी असते."

"आनि उठतात लय वेळा. बाहेर जायला."

याचंही उत्तर माझ्याकडे होतं. थंडीत लघवी जास्त होते, हे खरं आहे, ते मी वाचलं होतं. मी तेही सांगितलं. तिच्या प्रत्येक वाक्याला मी एक कारण दिलं आणि प्रत्येक कारण स्वतंत्रपणे खरं होतं.

मग तिने विचारलं, "मंग काय करू मी?"

"ताकद येईल असं खायला द्या. नाचणीचे लाडू करा. गूळ जरा जास्त घाला."

दुसऱ्या आठवड्यापासून दर सोमवारी दादा वरून येताना स्टीलचा डबा घेऊन यायचा. लाडू काळपट, गुळाने चिकट झालेले. कामावर जाताना दोन, येऊन दोन. कधी जेवणाऐवजी तेच. डबा शुक्रवारपर्यंत रिकामा. मी डबा घासून ठेवायचे.

पायाचं त्याने मला एकदाच सांगितलं. मार्गशीर्षात असेल. कामावरून येऊन बूट काढून बसला होता आणि पायांकडे बघत होता.

"गो, बूट काडले तरी बूट घातल्यासारखंच वाटतं."

"उणे वीस डिग्री आहे दादा. पाय बधिर होणारच."

"रविवारी पन वाटतं. वर घरी. कापसावरनं चालल्यासारखं."

"दोन मोजे घाल."

त्याने दोन मोजे घालायला सुरुवात केली. माझं सगळं ऐकायचा तो. लहानपणी मी त्याचं ऐकायचे. कधी उलटं झालं ते आठवत नाही. बहुतेक बारावीच्या निकालाच्या दिवशी.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी मीही त्याच्याबरोबर वर गेले. तो कंपनीचेच बूट घालून चढला, चढाला बरे पडतात म्हणून. वाटेत तीनदा बसला. मी पुढे चालत होते आणि मागे वळून त्याला चिडवत होते, की तपकिरी चरबीवाला माणूस असा दमतो होय. घरी पोचल्यावर त्याने पायरीवर बूट काढले, मोजे काढले आणि आत जाऊन पाणी प्यायला. आमच्या घरात दोन वर्षांपूर्वी पांढरी लादी बसवली आहे. वहिनी दिवा लावत होती. तिने खाली पाहिलं.

"अवो, काय तुडवून आलाव?"

दारापासून पाण्याच्या पिंपापर्यंत उजव्या पायाचे ठसे होते. डाव्याचे नव्हते. ठसे तांबडे होते, कडेला पिवळट.

दादाने वळून लादीकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाचे ठसे बघावेत तसं. मग माझ्याकडे पाहिलं.

वहिनीने त्याला खाली बसवून पाय मांडीवर घेतला. अंगठ्याखाली आणि शेजारच्या बोटाखाली कातडं नव्हतं. आत काळं होतं. वास आता आला. माझ्या लक्षात आलं, की हा वास खोलीत चार-पाच दिवस होता आणि मी तो ओल्या मोज्यांचा समजत होते.

मी पायरीवर जाऊन बुटात हात घातला. पुढे, बोटांच्या जागी, ड्रमच्या झाकणाच्या पत्र्याच्या सीलचा एक तुकडा होता. नखाएवढा, वाकडा, दोन्ही बाजूंनी धार. तो मी हातावर घेऊन आत आले.

"लागलं नाय तुमाला?" वहिनी विचारत होती.

"काय लागायचं?" दादा म्हणाला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

सकाळी आम्ही त्याला महाडला नेलं. खाली रस्त्यापर्यंत तो चालतच आला, फडकं बांधून. दुखत नाही तर उचलून कशाला न्यायचं, असं तो म्हणाला, आणि आम्हा दोघींनाही ते तेव्हा बरोबर वाटलं.

डॉक्टरांनी पाय पाहिला, बोटातून रक्ताचा थेंब घेतला, यंत्रात घातला. यंत्राने आकडा दाखवायच्या ऐवजी एक अक्षर दाखवलं. साखर इतकी जास्त, की त्या यंत्राला मोजता येत नव्हती. मी लॅबमध्ये काम करते. मापाच्या बाहेर म्हणजे काय ते मला कळतं.

"डायबेटिस कधीपासून आहे?"

"मला नाय तसलं काय," दादा म्हणाला.

"वजन कमी झालं?"

"झालं. त्ये थंडीनं."

"कसल्या थंडीनं?"

दादाने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही सांगेल. ही शिकलेली हाय."

मी सांगितलं. दोन-तीन वाक्यांत. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून विचारलं, "तुम्ही काय शिकलात?"

"बी.एस्सी. केमिस्ट्री."

त्यांनी मान हलवली आणि चिठ्ठी लिहायला घेतली. ते काही बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी एक प्रयोग असतो. निळ्या द्रावणात नमुना घालून उकळायचा, विटकरी रंग आला तर साखर आहे. माझा तो प्रयोग परीक्षेत आला होता. विटकरी रंग इतका सुरेख आला होता, की बाईंनी नळी उचलून सगळ्यांना दाखवली होती.

दादाला भरती केलं. सर्जननी सांगितलं, अंगठा आणि शेजारचं बोट काढावंच लागेल. त्यानंतर जखम भरली तर पाय राहील. वर चढत गेली तर घोट्याच्या वर कापावं लागेल. दोन-तीन आठवडे कळणार नाही.

घोट्याच्या वर. दादाने तो शब्द ऐकला आणि विचारलं, "मंग वर कसं जानार?" सर्जनला वाटलं, तो वॉर्डच्या जिन्याबद्दल बोलतोय. ते म्हणाले, लिफ्ट आहे. आमच्या वाडीला रस्ता नाही. तिथे माणूस दोन पायांवर जातो नाहीतर चौघांच्या खांद्यावर येतो. घर तिथे आहे, भाताची दोन खाचरं तिथे आहेत, वहिनी तिथे आहे. पाय गेला तर दादा त्या घरात पाहुणा होणार होता, कोणी उचलून आणेल तेव्हा येणारा.

ऑपरेशनच्या आधी नर्सने करदोडा कापला. अंगावर काही ठेवायचं नसतं. वहिनीने हात पुढे करून तो मागून घेतला आणि बोटाभोवती गुंडाळून बाहेर बाकावर बसली. मी तिच्या शेजारी बसले. ती म्हणाली, "तुमी सांगितलंत म्हनून गूळ वाडवला."

आवाजात राग नव्हता. काय झालं ते क्रमाने सांगितल्यासारखं ती बोलली. मी "हो" म्हणाले.

मी रडले नाही. लोकांना वाटलं मी खंबीर आहे. मला काहीच वाटत नव्हतं, हे खरं. दवाखान्यासमोर वडापाव खाल्ला. तो तिखट आहे हे कळलं, पण चव आली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेले, नऊ सॅम्पल केले, एकही रिझल्ट चुकला नाही. कोल्ड रूममध्ये सॅम्पल घ्यायला आत गेले तेव्हा हातमोजे घालायचे विसरले आणि ड्रमला हात लावला. कातडी चिकटली, मी ओढून काढली. दाराशी जोडीदार ओरडला, "हाय काय गो?" मी उत्तर दिलं नाही. मला ऐकू आलं होतं. तोंड उघडायचं सुचलं नाही. त्याने धाडकन दार उघडलं.

"मॅडम! कानात बोळे घातले काय? थापा मारून हात सुजला माजा." मग माझा हात त्याला दिसला. त्याने मला बाहेर काट्याच्या कडेला बसवलं आणि कोमट पाण्याचा मग हातात दिला. स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला, पोटावर हात ठेवून.

मी त्याच्या पोटाकडे बघत राहिले. पाच वर्षं जास्त. तीच थंडी, तोच दरवाजा, तीच वीस मिनिटं.

लॅबमध्ये कुठलाही नमुना तपासताना शेजारी एक ब्लँक चालवतात. सगळं तेच, फक्त नमुना घातलेला नाही. ब्लँक तसाच राहिला, तर बदल नमुन्यातल्याच कशाने तरी झाला, बाकीच्या गोष्टींनी नाही. हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि मी नव्या मुलींना तेच शिकवते. माझा ब्लँक दर शनिवारी माझ्यासमोर काट्यावर चढून विनोद करत होता. त्याचं वजन माझ्याच डायरीत, दादाच्या वजनाच्या शेजारच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात होतं. ते वाढत होतं. माझं स्वतःचं होतं तिथेच होतं. कोल्ड रूममध्ये जाणाऱ्या आम्हा तिघांपैकी एकटा माणूस वाळत होता, आणि मी थंडीला धरून बसले.

त्या संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तो लेख पुन्हा काढला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, निरोगी प्रौढ माणसांमध्ये. नंतरही दर दोन-तीन ओळींनी तेच. निरोगी. मी तो शब्द वाचला होता, त्याच्यावरून पुढे गेले होते. न वाचलेल्या अर्ध्या भागात म्हटलं होतं, की तपकिरी चरबी जागी होते हे खरं, पण बहुतेकांची एकूण चरबी आणि वजन त्याने फारसं उतरत नाही. थंडीत भूक वाढते, माणूस जास्त खातो, जळालेलं भरून निघतं. म्हणजे जोडीदाराने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं. मी त्याला जे हसण्यावारी सांगितलं तेच खरं होतं. आणि दादाला जे गंभीरपणे सांगितलं ते खोटं.

मी आत जाऊन दादाला म्हणाले, "मी चुकीचं सांगितलं तुला. थंडीचं नव्हतं ते."

तो पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत होता. "आता नेट वजन करून घे," तो म्हणाला. "दोन बोटं टेअरमधनं गेली."

"दादा, मी गंमत करत नाही."

"मी पन नाय करत." मग, "तू नसतीस तर कोनी शिकलेलं सांगायलाच नसतं. मी तसाच बसलो असतो."

"तसाच बसला असतास तर लाडू तरी खाल्ले नसतेस."

वहिनी सफरचंदाची साल काढत होती. तिची सुरी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

पहिल्या आठवड्यात जखम होती तशीच होती. दुसऱ्या आठवड्यात कड काळी झाली आणि सर्जन दोनदा येऊन बघून गेले. दादाने त्या दिवसांत वाडीतल्या एका माणसाला खालच्या खाचराबद्दल निरोप पाठवला, पुढच्या वर्षी तूच कर म्हणून. तिसऱ्या आठवड्यात, एका सकाळी, पट्टी सोडल्यावर खाली तांबूस, ओलं मांस दिसलं. सर्जन म्हणाले, भरतेय. पाय राहील. वहिनीने विचारलं, "नक्की?" ते म्हणाले, "सांभाळला तर." मी पट्ट्यांचा कचरा उचलून डब्यात टाकला. तेव्हाही मला काही वाटलं नाही.

घरी सोडताना नर्सने मला एक नायलॉनचा धागा दाखवला, साखरेने पाय कुठे बधिर झालाय ते तपासायचा. माणसाला डोळे मिटायला सांगायचं, धागा तळव्याला टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा, कळतं का विचारायचं. जिथे कळत नाही तिथे डोळ्यांनी लक्ष ठेवायचं, कारण तिथे आता दुसरं कोणी लक्ष ठेवत नाही. मी महाडच्या बाजारातून मासे धरायची तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, आणली आणि एक तुकडा कापून काडीला बांधला. दवाखान्याच्या धाग्याइतका तो नेमका नाही, हे मला माहीत आहे.

दादा आता कोल्ड रूममध्ये नाही. ठेकेदाराने त्याला काट्यावर बसवलंय, ड्रम तोलायला. साखर गोळ्यांनी आणि इंजेक्शनने ताब्यात आहे. वजन परत आलंय, पूर्वीइतकं नाही. वहिनीने नवा करदोडा बांधला, गाठ जरा सैल ठेवून. तो आता महिन्यातून दोनदा वर जातो. पाऊण तासाच्या चढाला दोन तास लागतात. खालचं खाचर यंदा त्याने परत मागून घेतलं.

शनिवारी निघायच्या आधी खोलीत मी त्याचा पाय मांडीवर घेते. तो डोळे मिटून भिंतीला टेकून बसतो. मी तंगूस टाचेला टेकवते.

"हाय काय रे?"

"हाय."

मधल्या भागाला.

"हाय काय?"

"हाय."

बोटांच्या खाली, शिवणीच्या कडेला. काही बोलत नाही. परत टेकवते. काही नाही. मी वहीत फुली मारते.

गेल्या शनिवारी तिथेच मी विचारलं, "हाय काय रे?" आणि तो लगेच म्हणाला, "हाय."

"मी धागा टेकवलाच नव्हता," मी म्हणाले.

त्याने डोळे उघडले नाहीत. "मला वाटलं, आता तरी तुला बरं वाटंल."

मी वहीत फुली मारली. अंदाजाला मी मार्क देत नाही. मग त्याचे बूट ओढून घेतले, नवे, रुंद, बिनलोखंडाचे. उजव्यात मनगटापर्यंत हात घालून आतली प्रत्येक शिवण चाचपली. टोकाशी एक खडा होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो काढून मी खिडकीतून टाकला, पुन्हा हात घातला, पुन्हा चाचपलं आणि बूट त्याच्यापुढे ठेवले. तो बूट घालून वर जायला निघाला.